बिब्ब्याची खूण

या, असे जवळ येऊन बसा. टाळ जरा बाजूला ठेवा, लेकरांना मांडीवर घ्या. आणि बायांनो, तुम्ही तर सगळ्यांत पुढं या. आज एक गोष्ट ऐकवायची आहे. देवादिकांची नव्हे, एका परटिणीची आहे. पण देवळात बसून सांगता येईल इतकी सोवळी आहे. गावाचं नाव तेवढं विचारू नका. गाव कळलं की माणसं आधी पोरीचं घर शोधायला निघतात. पालमच्या अलीकडं, नदीच्या काठाला, एवढ्यावर समाधान माना.

"म्हाराज, तुमचं धोतर आज धुतलं न्हाई."

सप्त्याचा सहावा दिवस होता. मारुतीच्या देवळामागच्या पडवीत बन्सीधर महाराज नुकती अंघोळ करून पंच्यावर उभे होते. समोर सरजाबाई परटीण. ठेंगणीशी, चाळिशीतली, सोड्यानं बोटांची सालं गेलेली. तिच्या काखेत महाराजांचं कालचं मळकं धोतर जसंच्या तसं होतं.

"न्हाई धुतलं म्हणजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई. आधी माझं ऐकून घ्या. मंग धुते, वाळवते, कीर्तनाच्या आत आनून देते. ऊन लय हाय."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर मंग पंच्यावर उभं ऱ्हावा नारदाच्या गादीवर."

पखवाजी सिताराम कोपऱ्यात पखवाजाला कणीक लावत बसला होता. त्यानं तोंडावर उपरणं धरलं, पण हसू काही मावेना. पोखर्णीकडचे बन्सीधर महाराज सात वर्षं या सप्त्याला येत होते, आणि सातही वर्षं त्यांची धोतरं सरजाबाईच धूत होती. बगळ्याच्या पंखासारखी. महाराज खांबाला टेकून बसले. "बोल बाई," म्हणाले, "पंच्यावरच्या माणसाला दुसरी वाट काय आहे?"

आता सरजाबाई काय बोलली ते कळायला पाच वर्षं मागं जावं लागतं.

नामांतराच्या दंगलीचं साल सरून पुढचं साल लागलं होतं. नदीपलीकडच्या वावरात मेंढरं बसवायला भागुबाईचं बिऱ्हाड उतरलं होतं. नवरा, ती, आणि चौदा वर्षांची लेक. एके सकाळी भागुबाई नदीवर आली. हातात लेकीच्या लुगड्याचा बोळा. शेतावरच्या एका मुकादमानं पोरीवर हात टाकला होता. भागुबाईनं पोरीला चार घागरी पाणी ओतून न्हाऊ घातलं होतं, आणि आता म्हणत होती, "सरजाबाई, येवढं धुऊन दे. माझ्या हातानं हुईना."

सरजाबाईनं एक शब्द विचारला नाही. पोटातली सगळी माया तिनं त्या लुगड्यावर ओतली. भट्टीला लावलं, सोडा घातला, धोंड्यावर आपटलं, नीळ दिली. धुणं ओळखू यावं म्हणून प्रत्येक घराची एक खूण ती बिब्ब्यानं काठाला करायची, तशी भागुबाईच्या नावाचीही एक केली. संध्याकाळी कडक घडी घालून लुगडं दिलं, तेव्हा तिला वाटलं, आपण त्या लेकराच्या अंगावरून ते सगळं पुसून काढलं.

मग कुणीतरी फिर्याद द्यायला लावली. परभणीला खटला उभा राहिला. भागुबाईच्या सोबतीला म्हणून सरजाबाई गेली. पोर अडखळत का होईना, खरं बोलली. आणि समोरच्या वकिलानं ते लुगडं दोन बोटांत धरून उंच केलं.

"हे पाहा साहेब. नीळ दिलेलं, भट्टीचं कापड. काठाला परटाची खूणसुद्धा आहे. लग्नाला नेसून जावं असं आहे. यावर काय सापडलं? काही नाही. कारण काही झालंच नव्हतं."

मुकादम सुटला. एस.टी. स्टँडावर भागुबाई एवढंच म्हणाली, "तू तर मायेनंच धुतलं, माय." शिवी दिली असती तर सरजाबाईला सोसली असती. हे सोसलं नाही.

बिऱ्हाड मेंढरांमागं निघून गेलं ते परत त्या वाटेला आलंच नाही. पुढं दरसाल मेंढरांचा कळप दिसला की सरजाबाई धुणं टाकून धावायची, विचारायची. एक जण म्हणाला, पोर आता बोलत नाही. दुसरा म्हणाला, ती कधीच गेली. खरं काय ते देव जाणे.

गावात लस टोचायला अंबाबाई नर्स यायची. सरजाबाईनं तिला गाठून विचारलं, "बाई, मी काय कराया पायजे हुतं?" अंबाबाईनं सांगितलं. अंघोळ घालायची नाही, कापड धुवायचं नाही, कोरड्या कागदात नाहीतर कोऱ्या फडक्यात बांधायचं, आणि त्याच दिवशी दवाखाना. सरजाबाईनं ते हरिपाठासारखं पाठ केलं. परटीण घरोघर मागच्या दारानं जाते. प्रत्येक दारात धुणं मोजून घेताना ती सांगू लागली.

"काय वं हे सकाळी सकाळी अभद्र!" बायका अंगावर यायच्या. "आमच्या घरात लेकीबाळी हायत."

"लेकीबाळी हायत म्हनूनच सांगायलेय."

पोरं तिला चिडवू लागली, न धुणारी परटीण आली म्हणून. ती हसण्यावारी न्यायची. पण मागच्या दारानं सांगितलेली गोष्ट मागच्या दारातच राहते, हे पाच वर्षांत तिला कळून चुकलं होतं. म्हणून तर महाराजांचं धोतर अडवलं, हे कीर्तनातून सांगा म्हणायला.

बन्सीधर महाराजांनी पंचा सावरला. मग म्हणाले, "सरजाबाई, तुझं दुःख खरं आहे. पण नारदाच्या गादीवरून असलं कसं बोलावं? तिथं भगवंताचं नाव घ्यायचं."

"म्हाराज, आज आख्यान कोन्चं हाय?"

"द्रौपदीचं."

"दरसाल लावता. बाया पदर डोळ्याला लावतात, मी बी लावते. तिनं केस काहून बांधले न्हाईत वो?"

"प्रतिज्ञा होती तिची."

"आसंल. पर मला वाटतं, बांधले आसते, तेल घालून इचरले आसते, तर दुसऱ्या दिवशी तीच सभा म्हनली आसती, काई झालंच न्हवतं."

सितारामाचा कणकेचा हात पखवाजावरच थांबला. महाराजांनी डोळे मिटले. सात वर्षं तेच आख्यान लावणाऱ्या माणसाला एका परटिणीनं त्यातलं न दिसलेलं दाखवलं होतं. डोळे उघडले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा, धोतर धू. ऊन उतरेल."

त्या दिवशीचं कीर्तन ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. वस्त्रहरणाला येईपर्यंत सगळं नेहमीसारखं. मग महाराजांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"बायांनो, द्रौपदीनं केस मोकळे ठेवले. साक्ष म्हणून ठेवले. हे मला आज एका माउलीनं शिकवलं. म्हणून सांगतो, लाज माझी, लक्ष तुमचं. देव न करो, पण कुणाच्या लेकीवर तशी वेळ आली, तर पाणी तापवू नका. कापड धुऊ नका. कोऱ्या फडक्यात बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. विटाळ तिला झालेला नाही. विटाळ ज्यानं केलं त्याला."

महाराज पुरुषांकडं वळले.

"आणि बाप्यांनो, दुःशासन काही आभाळातून पडला नव्हता. तो कुणाच्या तरी घरात वाढला. लहानपणी त्यानं कुणाची वेणी ओढली असेल, तेव्हा कुणीतरी म्हणालं असेल, पोरगं आहे, चालायचंच. त्या दिवशी एक थप्पड बसली असती, तर पुढचं महाभारत टळलं असतं. तुमच्या घरात कुणी तसं वाढत असेल तर आज घरी जाऊन बघा."

पहिल्या रांगेत व्यंकटराव बसले होते. गावातले सर्वांत मोठे जमीनदार. सप्त्याचं अर्धं अन्नदान त्यांचं. तंबाखू मळता मळता त्यांचा अंगठा थांबला. आरतीला ते थांबले नाहीत. पुढच्या वर्षी बन्सीधर महाराजांना निमंत्रण गेलं नाही.

सरजाबाईला वाटलं, आपल्यामुळं महाराजांचं एक गाव तुटलं, आणि हाती तर काहीच लागलं नाही.

दोन वर्षांनी मार्गशीर्षात, कापूस वेचणीच्या दिवसांत, दुपारी कमळबाई तिच्या मागच्या दारात उभी राहिली. मजुरी करून पोट भरणारी विधवा. घरात ती आणि तिची सतरा वर्षांची लेक. कमळबाईचा चेहरा बघूनच सरजाबाईच्या हातातली नीळ सांडली.

"कोन?"

"भुजंग. व्यंकटरावाचा पुतन्या. बाकीच्या बायांला दुसऱ्या पट्टीला पाठिवलं अन..." कमळबाई उंबऱ्यावरच बसली. "सरजाक्का, मी चुलीवर पानी ठिवलं हुतं. आंगुळीचं. ठिवलं, अन म्हाराजाचं बोलनं ध्यानात आलं. उतरवलं बग. तसंच उतरवलं."

"साडी?"

"कोऱ्या फडक्यात बांधलीय. हात सुदीक वला लागू दिला न्हाई."

सात वर्षांत पहिल्यांदा सरजाबाईचं सांगणं कुणाच्या तरी घरात फळलं होतं. पण रडायला वेळ नव्हता. ती कमळबाईच्या घरी गेली. पोर कणगीला पाठ लावून बसली होती.

"मावशी, मला डोक्यावरून पानी पायजे."

"देते माय. डागदरनीनं बगितलं की माझ्या हातानं घालते. येवढा दिस कळ काड." सरजाबाई तिच्यासमोर बसली, हात न लावता. "पर आधी तू सांग. तुला जायाचंय का? तू न्हाई म्हनलीस तर कुनी तुला ओडून नेनार न्हाई."

पोरीनं विचारलं, "तिथं मला इचारतील का, की तू खोटं बोलायलीस?"

"इचारतील. लय इचारतील."

"तू आसशील?"

"मी आसंन."

पोर कणगीला धरून उठली. म्हणाली, "मंग चला."

तोवर वाड्यावर सुगावा लागला होता. व्यंकटरावांचा गडी येडबा एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसला होता. कमळबाई दिसली की परत फिरवायची, आणि हातात गाठोडं असलं तर काढून घ्यायचं, असा हुकूम. सरजाबाईनं मायलेकींना डोक्यावर कडब्याची पेंढी देऊन पांदीनं पलीकडच्या फाट्याकडं लावलं. कोरं फडकं तिनं आणखी एका वाळल्या चादरीत गुंडाळलं आणि वाड्यावरून सकाळीच आणलेल्या मळक्या धुण्याच्या पोटात ठेवलं. व्यंकटरावांची धोतरं, सदरे, भुजंगाचे पायजमे, सगळं त्याच्याभोवती. मोठं बोचकं बांधलं आणि डोक्यावर घेतलं.

नदीची वाट वाड्यावरूनच जायची. ओट्यावर व्यंकटराव उभे.

"ए सरजा, थांब."

ती थांबली. मान हलवली नाही, बोचकं पडलं असतं.

"कमळीच्या घरून काई धुयाला आलं का तुझ्याकडं?"

"आलं की, मालक."

"मंग बेगीन धुऊन टाक. सोडा जास्ती घाल." त्यांनी आवाज खाली आणला. "औंदा तुझं बलुतं दुप्पट देतो. गप धुऊन टाकायचं अन इसरायचं."

"तुमच्या वाड्याचा डाग ठिवलाय का मी कवा?"

व्यंकटरावांचं समाधान झालं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि बोचक्यावर टाकलं. "हे बी घे. घामेजलंय."

परटिणीचं बोचकं गावात कुणी उघडून बघत नाही. तिथं सगळ्यांचीच मळकी कापडं असतात, आणि प्रत्येकाला आपलं झाकलेलं बरं वाटतं. सरजाबाई धोंड्यापाशी थांबली नाही. गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडली आणि वावरा-वावरानं फाट्यावर गेली. मायलेकी बाभळीखाली बसल्या होत्या. गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आख्ख्या गावाचं धुनं परभनीला चाललं का काय?"

"व्हय," ती म्हणाली, "गावात पानी पुरंना."

परभणीच्या सरकारी दवाखान्यात अंबाबाई नर्स बदलून आली होती. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, पोलिसांना बोलावलं, कागद झाले, साडीला लाखेचा शिक्का बसला. सगळं उरकल्यावर सरजाबाईनं गरम पाणी मागून घेतलं आणि कबूल केल्याप्रमाणं आपल्या हातानं पोरीच्या डोक्यावरून घातलं. तांब्यामागून तांब्या. पोर तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यामागच्या हौदावर सरजाबाईनं वाड्याचं सगळं धुणं धुतलं. नीळ देऊन वाळवलं. गावात परतली ती थेट वाड्यावर. घड्या ओट्यावर मांडल्या, वर ते उपरणं.

"घ्या मालक, मोजून. ह्ये तुमचं शेवटचं धुनं."

व्यंकटरावांनी घड्यांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. तोवर पोलीस भुजंगाला घेऊन गेले होते.

खटला उभा राहिला तेव्हा दालनाचं दार लावून घेतलं होतं. पोरीला खरोखरच लय विचारलं. ती उत्तरं देत राहिली. मग सरजाबाईला पिंजऱ्यात बोलावलं. समोरचा वकील म्हणाला, "अशा साड्या बाजारात ढिगानं मिळतात. ही त्याच मुलीची कशावरून? तुला लिहिता-वाचता तरी येतं का?"

"न्हाई साहेब. पर तुमी जरा काठ उलटा करा."

काठ उलटला. कोपऱ्यात नखाएवढी काळी खूण होती: तीन ठिपके आणि खाली चंद्रकोर.

"कमळबाईचं घर. पोळ्याला साडी घेतली, मंग लग्नाला जायाचं म्हनून एक डाव माझ्याकडं भट्टीला आल्ती. बिब्ब्याची खून हाय. दीडशे घरांच्या दीडशे खुना हायत. कंची बी इचारा."

न्यायाधीशांनी खरंच विचारल्या. कागद पुढं केला. लिहिता न येणारी सरजाबाई एकेका घराचं नाव घेत खुणा काढत गेली. ठिपका, रेघ, फुली, बेलाचं पान. कागद भरला.

"धुतल्यावर ही खूण जात नाही?" वकिलानं विचारलं.

"कापड फाटंल साहेब, बिब्बा जात न्हाई."

भुजंगाला सात वर्षांची सजा झाली.

वाड्याचं धुणं तर गेलंच, वाड्याच्या धाकानं आणखी वीस-बावीस घरं गेली. सरजाबाई आसपासची गावं धरून फिरू लागली. धुणं मिळेल तिथं धुवायचं, आणि पाच बाया जमतील तिथं बोलायचं. पुढं पेडगावच्या महिला मंडळानं बोलावलं, मग आणखी कुणीकुणी. माईक पुढं आला की ती आधी पदर सावरायची आणि सगळीकडं तेच पहिलं वाक्य बोलायची: "मी सरजा परटीन. मी एका लेकराचा खटला धुतलाय." मग बाकीचं सांगायची. कमळबाईच्या लेकीचं सांगून टाळ्या घेणं सोपं होतं. ती आधी आपली चूक सांगायची. बन्सीधर महाराजांना ज्या गावी निमंत्रण असेल तिथं ते द्रौपदीच्या आख्यानात केसांपाशी थांबायचे आणि म्हणायचे, हे पुढचं माझं नव्हे, सरजाबाईचं.

औरंगाबादच्या हायकोर्टातलं भुजंगाचं अपील फेटाळून निकाल कायम झाला, त्यालाही बराच काळ गेला. त्र्याण्णव साली कमळबाईला कचेरीचा कागद आला. मुद्देमालातली साडी घेऊन जावी, नाहीतर नष्ट केली जाईल. लेक तेव्हा परभणीत शिवणकाम शिकवत होती. आपलं घर, आपली मशीन. कमळबाई म्हणाली, "जळू दे तिकडंच."

सरजाबाईनं लेकीला निरोप धाडून विचारलं. उत्तर आलं, मावशीला वाटेल ते करू दे.

ती गेली. कारकून म्हणाला, "आजी, जुनेर आहे, काय करणार?"

"धुवायचं ऱ्हायलंय, बाबा. लय वर्सं झाली."

अंगठा देऊन तिनं पुडकं घेतलं आणि आपल्या नदीवर आली. बोटं आता सुजलेली, गुडघे वाकत नव्हते. लाख फोडली. आपटण्याजोगं कापड राहिलंच नव्हतं; घड्यांवर हात लावला तरी विरत होतं. तिनं ती साडी धोंड्यावर आपटली नाही. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तशी पाण्यात धरली, हलकेच चोळली, पिळली नाही. मग बाभळीच्या दोन फांद्यांमध्ये पसरून वाळत घातली. तपासणीसाठी मधोमध एक चौकोन कापून घेतला होता, त्यातून पलीकडचं वाहतं पाणी दिसत होतं. काठाला तीन ठिपके आणि चंद्रकोर, जशीच्या तशी.

ती वाळेपर्यंत सरजाबाई शेजारी बसून राहिली. पलीकडच्या काठानं मेंढरांचा एक कळप चालला होता. ती सवयीनं उठायला गेली, गुडघ्यांनी उठू दिलं नाही. मग बसल्या जागेवरूनच कपाळावर हात धरून त्यातल्या एकेका बाईचं तोंड न्याहाळत राहिली, कळप दिसेनासा होईपर्यंत.

गोष्ट संपली. उठण्याआधी एवढं करा. सरजाबाईला हात जोडाल हे ठाऊक आहे, जोडा. पण घरी गेल्यावर दोरीवर एखादं निळीतलं स्वच्छ लुगडं वाळताना दिसलं, तर क्षणभर थांबून त्या पहिल्या पोरीला आठवा. नाव आम्हालाही माहीत नाही. ती खरं बोलली होती.